सोलापूर लोकसभा : ढीग तेच, भर कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला, हे लहानपणापासून ऐकलं. मग देशाचे गृहमंत्री असलेले सुशीलकुमार शिंदे २०१४ ला दीड लाखाच्या फरकाने कसे पडले, २०१९ ला पुन्हा कसे पडले, आणि २०२४ ला त्यांचीच मुलगी पाऊण लाखाने कशी निवडून आली? सोलापूरचा मतदार असा पाच-पाच वर्षांनी फिरतो का?

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. नाही फिरत. निदान चौकात बसून लोक म्हणतात तितका तर नाहीच.

मी पस्तीसेक वर्षं निवडणुकीच्या कागदांवर काढली. मतदार याद्या गल्लीवार फोडायच्या, बूथवरच्या पोरांना सतरा-सी चा कागद, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांचा हिशेब, सहीसकट आणायला शिकवायचं, मोजणीला रामवाडीच्या गोदामात टेबलापाशी जाळीला नाक लावून उभं राहायचं. कधी या बाजूचं काम केलं, कधी त्या. भाषण कधी केलं नाही आणि करणाऱ्यांवर फारसा विश्वासही ठेवला नाही. त्यामुळे उत्तर आकड्यांपासूनच सुरू होईल. कंटाळा आला तरी हे चार आकडे नीट वाचा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

शिंदेंना २००९ मध्ये मतं पडली ३,८७,५९१. ते ९९,६३२ मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये पडली ३,६८,२०५ आणि १,४९,६७४ मतांनी हरले. २०१९ मध्ये ३,६६,३७७, आणि हरले १,५८,६०८ मतांनी. आता फरक बाजूला ठेवा आणि फक्त त्यांची स्वतःची मतं बघा. दणदणीत विजय आणि दणदणीत पराभव यांच्यात त्यांचा ढीग कमी झाला तो साडेएकोणीस हजारांनी. पहिल्या पराभवापासून दुसऱ्यापर्यंत तर अवघ्या १,८२८ मतांनी. एवढ्या मोठ्या मतदारसंघात पाच वर्षांत अठराशे मतं म्हणजे काहीच नाही हो. तेवढी माणसं लग्नं होऊन परगावी जातात.

मग झालं काय? २००९ ला भाजपचे शरद बनसोडे २,८७,९५९ मतांवर थांबले होते. २०१४ ला तेच बनसोडे ५,१७,८७९ वर गेले. माणूस तोच, समोरचाही तोच, आणि मतं वाढली २,२९,९२०. ती शिंदेंच्या ढिगातून उचललेली नव्हती, कारण तो ढीग जवळजवळ जागच्या जागी होता. ही भर बाहेरून आली. त्यात यादीत नव्याने नाव लागलेली पोरं होती, एरवी मतदानाला घराबाहेर न पडणारे होते, आणि आधी इकडेतिकडे विखुरलेली मतंही होती. देशभर मोदींची लाट होती, राज्यात ४८ पैकी ४२ जागा महायुतीला गेल्या, काँग्रेसच्या हाती नांदेड आणि हिंगोली एवढंच उरलं. सोलापुरातल्या शिंदेंच्या माणसांना मोजणीच्या सकाळपर्यंत आपण हरतोय हे कळलंच नव्हतं. त्यांची चूक नव्हती. ते आपापल्या वस्तीत गेले, तिथली आपली घरं मोजली, ती जागेवर होती. जी घरं त्यांनी कधी मोजलीच नव्हती ती रांगेत उभी होती.

आता २०२४. प्रणिती शिंदे ६,२०,२२५, राम सातपुते ५,४६,०२८. फरक ७४,१९७. यात एक गंमत आहे, ती निकालाच्या गुलालात कुणाच्या ध्यानात आली नाही. भाजपला २०१९ ला होती ५,२४,९८५. म्हणजे पाच वर्षांत भाजपची मतं एकवीस हजारांनी वाढली आणि तरी ते हरले. भाजपचाही ढीग ढासळला नाही. या वेळची भर दुसऱ्या बाजूला पडली, एवढंच.

ही भर कुठून आली ते सांगण्याआधी मागे जावं लागेल, कारण 'बालेकिल्ला' हा शब्द सोलापूरच्या बाबतीत अर्धवटच खरा आहे.

पहिल्या निवडणुकीत, १९५२ ला, सोलापुरात काँग्रेस निवडून आलीच नाही. तेव्हा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एका मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आजच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आपण थट्टा करतोय. मोजायची रीतही निराळी होती. आधी राखीव जागेसाठी त्या प्रवर्गातला सर्वांत जास्त मतांचा उमेदवार निवडायचा, मग उरलेल्या सगळ्यांत, जात न बघता, जो वर असेल तो दुसरा. म्हणजे दोन्ही खासदार राखीव प्रवर्गातले होऊ शकत. आंध्रात पार्वतीपुरमला १९५७ ला असंच झालं आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी त्यात पडले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने मोडीत निघाले.

तर सोलापूरने १९५२ ला पाठवले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. दुसऱ्या नावापाशी जरा थांबा. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब आंबेडकर मुंबईत हरले. फेडरेशनचे देशभरातून लोकसभेवर दोनच जण गेले, एक हैदराबाद राज्यातल्या करीमनगरमधून आणि दुसरे आपल्या सोलापुरातून. बाबासाहेबांना जे मुंबईने दिलं नाही ते त्यांच्या पक्षाला सोलापूरने दिलं. सदुसष्ट वर्षांनी त्यांचे नातू प्रकाश आंबेडकर याच मतदारसंघात उभे राहिले तेव्हा बाहेरून आलेल्या पत्रकारांना आश्चर्य वाटत होतं, की अकोला सोडून हे इथे कसे. जुन्या माणसांना नव्हतं वाटत.

१९५७ ला जयवंत घनश्याम मोरे आणि तायप्पा सोनवणे. १९६२ ला मतदारसंघ एका खासदाराचा झाला, पंढरपूर वेगळं राखीव म्हणून निघालं, सोनवणे तिकडे गेले, आणि सोलापुरात काँग्रेसचे मडेप्पा काडादी आले. बालेकिल्ला म्हणतात त्याची पायाभरणी ही. तिथून १९९१ पर्यंत सलग आठ निवडणुका काँग्रेस. काडादी एकदा, सुरजरतन दमाणी तीनदा, गंगाधर कुचन दोनदा, धर्मण्णा सादूल दोनदा. १९७७ ला देशात इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या तरी दमाणी इथे टिकले.

या चार नावांत अख्खं सोलापूर आहे. काडादी लिंगायत. दमाणी मारवाडी, कापडधंद्यातले, १९५७ ला तर ते राजस्थानात जालोरहून लोकसभेवर गेले होते. कुचन आणि सादूल शहराच्या पूर्व भागातले तेलुगू भाषक पद्मशाली. एकही मराठा नाही. बाकी पश्चिम महाराष्ट्रात खुल्या जागेवर असं क्वचितच दिसेल. सांगली, सातारा, कराड, बारामती म्हटलं की पाटील-पवार-चव्हाण. सोलापूरचं तसं नाही, कारण हे गाव गिरण्यांनी वसवलं. १८७७ ला जुनी गिरणी निघाली, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, मारवाडी-गुजराती व्यापारी आले. चार हुतात्मा चौकातली नावं वाचा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. या गावची मतदार यादी कशी असेल ते त्या चार नावांवरून कळतं. अजूनही प्रचाराची रिक्षा पूर्व भागात शिरली की भोंग्यातली भाषा बदलते. तीच रिक्षा अक्कलकोटच्या सीमेकडच्या गावांत कन्नड बोलायला लागते.

यातून एक गोष्ट निघते, ती नव्या उमेदवारांना सांगून सांगून माझा घसा बसला. इथे कुठल्याच एका समाजाच्या जोरावर बेरीज होत नाही. लिंगायत, पद्मशाली, दलित, मराठा, मुस्लिम, धनगर, प्रत्येक जण मोठा आहे आणि एकटा कुणीच पुरा पडत नाही. तीन जुळले की खासदार होतो. काँग्रेसने तीस वर्षं ही जुळवणी नेटाने केली. हुशारी म्हणा, सवय म्हणा.

ती जुळवणी मोडली १९९६ ला. भाजपचे लिंगराज वल्याळ निवडून आले, आणि तेही पूर्व भागातलेच. काँग्रेसच्या हातचा पत्ता भाजपने आपल्या हाताने टाकला. लोक म्हणतात युतीची हवा होती, राज्यात १९९५ ला सरकार आलं होतं म्हणून. हवा होतीच. पण त्याच दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा बंद पडला, हे मी जास्त महत्त्वाचं धरतो. गिरणी चालू असते तेव्हा कामगार युनियनच्या, जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या, मालकाच्या कुणाच्या तरी शब्दात असतो. गिरणी बंद झाली की तो यंत्रमागावर जातो, त्याची बायको विड्या वळते, आणि मत मागायला कुणाकडे जायचं हेच पुढाऱ्याला कळेनासं होतं. माकपचे नरसय्या आडम, आपले मास्तर, शहर दक्षिणमधून १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार झाले ते याच माणसांच्या जोरावर. पण विधानसभेला मास्तरांना मत देणारी विडी कामगार बाई लोकसभेला कुणाला देईल याचा अंदाज कुणाचाच बरोबर येत नसे. माझाही नाही.

१९९८ आणि १९९९ ला सुशीलकुमार शिंदे निवडून आले. इथे लोकांची एक सरसकट चूक होते. त्यांना वाटतं शिंदे राखीव जागेवरून येत होते. नाही. तेव्हा सोलापूर खुला मतदारसंघ होता. सोलापूरच्याच कोर्टात पट्टेवाला म्हणून काम केलेला, पुढे फौजदार झालेला, १९७४ ला करमाळ्यातून पहिल्यांदा आमदार झालेला दलित समाजातला माणूस खुल्या जागेवर दोनदा जिंकला. महाराष्ट्रात अशी उदाहरणं बोटांवर मोजावी. शिंदेंविषयी माझी मतं काहीही असोत, आणि ती सगळीच चांगली नाहीत, हे श्रेय त्यांना द्यावंच लागतं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही सोलापुरांत हा माणूस ओळखीने हसायचा. मघाशी म्हटलेली जुळवणी त्यांनी पक्षाकडून काढून स्वतःच्या अंगावर घेतली.

आणि तिथेच घोळ झाला. जुळवणी अंगावर घेतली की माणूस गेल्यावर तीही जाते. जानेवारी २००३ मध्ये शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यांना विधानसभेत यायचं म्हणून दक्षिण सोलापूरची जागा आनंदराव देवकतेंनी रिकामी करून दिली, आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार देवकते. समोर भाजपकडून प्रतापसिंह मोहिते-पाटील, विजयसिंहांचे बंधू. राज्याचा मुख्यमंत्री सोलापूरचा, त्याने सोडलेली जागा, सगळं मंत्रालय जिल्ह्यात येऊन बसलेलं, आणि काँग्रेस हरली. काहींनी मोहित्यांची चाल म्हटलं, काहींनी राष्ट्रवादीने हात दाखवला म्हटलं. मी म्हणेन शिंदेंची मतं शिंदेंची होती, ती देवकतेंना उसनी मिळाली नाहीत.

वर्षभराने, २००४ ला, तीही गोष्ट खोटी ठरायची वेळ आली, कारण उमेदवार उज्ज्वलाताई शिंदे होत्या. घरातल्याच. त्या भाजपच्या सुभाष देशमुखांकडून अगदी थोडक्यात हरल्या.

त्या मोजणीतली माझी एक फजिती सांगतो. लोकसभेला सगळीकडे मतदान यंत्रं आली ती याच निवडणुकीत. मतपत्रिकांच्या काळात गठ्ठे बांधायचे, बाद मतांवरून भांडायचं, रात्र व्हायची. यंत्रावर बटण दाबलं की आकडा. आम्ही गाफील. मी ज्यांच्या कामावर होतो त्यांच्यासाठी फेरीवार बेरीज वहीत मांडत होतो. एका फेरीत दोन विधानसभांचे कागद एकदम आले, मी एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात लिहिला आणि पानाखाली बेरीज टाकली. बाहेर निरोप गेला, "आपण निघालो." तिकडे पेढ्याचे बॉक्स फुटले. पाऊण तासाने दुरुस्ती कळवायला मीच गेलो. ज्या गृहस्थांना कळवलं त्यांनी हातातला अर्धा पेढा परत बॉक्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, शाळेत गणिताला कोण होतं हो तुम्हाला?" तेव्हापासून प्रत्येक विधानसभेला वेगळ्या रंगाचा कागद वापरतो. निसटत्या निकालात चूक कुठेही शिरते.

मग आली २००८ ची फेररचना. सोलापूरच्या राजकारणाला कुठल्याही लाटेपेक्षा मोठा धक्का दिला असेल तर तो या एका आदेशाने, आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. आधी पंढरपूर राखीव होतं. संदिपान थोरात तिथून १९७७ पासून सलग सात वेळा गेले, मग दोनदा रामदास आठवले. फेररचनेत पंढरपूर हे नावच लोकसभेच्या यादीतून पुसलं गेलं. माढा हा नवा खुला मतदारसंघ झाला, त्यात करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातले फलटण, माण. बार्शी उस्मानाबादला गेली. आणि सोलापूर राखीव झालं. आता त्यात सहा विधानसभा, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, आणि मंगळवेढ्यासह पंढरपूर.

परिणाम बघा. निवडून आलेले खासदार सुभाष देशमुख आपल्याच जागेवर उभे राहू शकत नव्हते. ते माढ्याला गेले, समोर शरद पवार, तीन लाखांहून जास्त मतांनी पडले. पुढे आमदार झाले ते दक्षिण सोलापुरातून. पद्मशाली, लिंगायत, मराठा या समाजांना खासदारकीची दारं एका आदेशाने बंद झाली. आता त्यांनी फक्त ठरवायचं, बसायचं नाही. माझ्या मते २०१४ नंतरचं सोलापूर समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी. ज्याला स्वतःचा माणूस उभा करता येत नाही तो समाज पक्ष बघून मत देतो. पूर्व भागात आणि अक्कलकोटला भाजपची मुळं इतकी घट्ट झाली त्याचं एक कारण हे आहे असं मला वाटतं, आणि यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत.

१९९६ पासून २०२४ पर्यंत पोटनिवडणूक धरून नऊ लढती झाल्या. भाजप पाच, काँग्रेस चार. बालेकिल्ल्याचं एवढं शिल्लक आहे. पण आत बघा. काँग्रेसचे चारही विजय एकाच घरातले, तीनदा वडील, एकदा मुलगी. आणि भाजपचे पाच विजय पाच वेगळ्या माणसांचे. वल्याळ, मोहिते-पाटील, देशमुख, बनसोडे, जयसिद्धेश्वर महास्वामी. एकालाही भाजपने सोलापुरातून दुसऱ्यांदा लोकसभेत पोचवलं नाही. बनसोडे दीड लाखाने आले, २०१९ ला तिकीट नाही. महास्वामी त्याहून मोठ्या फरकाने आले, २०२४ ला तिकीट नाही, मधल्या काळात जातीच्या दाखल्याचा वाद कोर्टात होता. मग माळशिरसचे आमदार सातपुते आणले. एकीकडे पक्ष नाही, घर आहे. दुसरीकडे माणूस नाही, पक्ष आहे. हे दोन ढीग असे आहेत. दोन्ही एकमेकांत फारसे मिसळत नाहीत.

आता राहिली भर. २०१९ ला वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना मिळाली १,७०,००७. शिंदेंची ३,६६,३७७ त्यात मिळवा, ५,३६,३८४ होतात. महास्वामींना ५,२४,९८५. म्हणजे साडेअकरा हजारांनी बेरीज वर जाते. तेव्हापासून काँग्रेसवाले म्हणत आले, वंचितने पाडलं. अशी कागदावरची बेरीज मला पटत नाही. वंचितचा माणूस नसता तर ती सगळी एक लाख सत्तर हजार माणसं काँग्रेसकडेच गेली असती असं नाही, बरीच घरी बसली असती. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मत दिलं होतं. आंबेडकर नगरात, मुस्लिम वस्त्यांत मी तेव्हा ज्या रांगा बघितल्या त्या शिंदेंसाठी लागल्या नसत्या.

पण २०२४ ला ती माणसं काँग्रेसकडे गेली हे बूथचे कागद सांगतात. वंचितच्या उमेदवाराने मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, एमआयएमने उमेदवार दिला नाही. शहरात संविधानाची चर्चा घराघरांत होती, आणि ती वरून कुणी पेरलेली नव्हती, खालून आलेली होती. तरी नुसती वंचितची मतं धरली तर पुरत नाही. वरची बेरीज ५,३६,३८४ आणि प्रणितीताईंना ६,२०,२२५, मधली ८३,८४१ राहतातच. ती ग्रामीण भागातली. मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढा या दोन विधानसभांनी जे मताधिक्य दिलं त्यावर निकाल लागला. शहर उत्तर आणि अक्कलकोट सातपुत्यांच्या मागेच होते. मोहोळ-मंगळवेढ्यात मराठा आरक्षणाचा राग होता, कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता, पाण्याचा तर कायमचाच आहे. शिवाय ऐन निवडणुकीत मोहिते-पाटील भाजप सोडून शरद पवारांकडे आले, धैर्यशील माढ्यातून उभे राहिले आणि त्याची ऊब अलीकडच्या तालुक्यांनाही लागली.

या निवडणुकीतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान कुंभारीला रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला आले होते. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, चिंध्या वेचणाऱ्या बायका, यांच्यासाठी तीस हजार घरांची ती वसाहत. मागे लागून ती उभी करणारे आडम मास्तर, म्हणजे लाल बावटा. व्यासपीठावर मोदींचा गळा दाटून आला, टीव्हीवर दिवसभर तेच. पुढे मार्चमध्ये मी ओळखीच्या एका घरी गेलो होतो. बाई सुपात तेंदूपानं घेऊन बसलेल्या, हात चालू. घर मिळालं का विचारलं. म्हणाल्या, "मिळालं की. मोदींनी दिलं, मास्तरांनी आणलं." मग मत कुणाला? पान कातरून झालं, तंबाखू भरली, दोरा बांधला, तेव्हा कुठे वर बघितलं. "घर मिळालंय, पण पाणी चार दिवसांनी यायलंय," एवढंच. उजनी धरण भरून वाहत असतानाही सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटायचं नाही. त्या बाईंचं मत मी वहीत कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

आणि भर तात्पुरती असते याचा पुरावा पाचच महिन्यांत आला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या, मोहोळ तेवढी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे. प्रणितीताईंनी तीनदा जिंकलेलं शहर मध्यसुद्धा गेलं. दक्षिण सोलापुरात तर मतदानाच्या दिवशी शिंदे पितापुत्रींनी आघाडीतल्या ठाकरेंच्या शिवसेनेचा उमेदवार सोडून अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केला. काडादी हे नाव सोलापूरला सिद्धेश्वर साखर कारखान्यामुळे पाठ आहे, आणि त्या कारखान्याची चिमणी होटगी रोडच्या विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली गेली, त्याचा राग लिंगायत समाजात मतात उतरेल असा हिशेब होता. नाही उतरला. सुभाष देशमुख तिसऱ्यांदा आले.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर निकालाच्या बातम्या वाचू नका. प्रत्येक विधानसभेचा फॉर्म २० काढा, त्यात बूथवार आकडे असतात. २०१९ आणि २०२४ चे मोहोळचे कागद शेजारी ठेवा. बूथ क्रमांक मधे बदललेले असतात, तेव्हा क्रमांकावर जाऊ नका, शाळेचं नाव आणि खोली जुळवा. अनगरपासून सुरुवात केलीत तर गोंधळून जाल, ते गाव सगळ्यांनाच वेगळं पडतं. त्याऐवजी भीमेकाठची पाच-सहा गावं घ्या, भाजपचा रकाना आधी भरा आणि मग काँग्रेसचा.